प्रभारीबाई

भांडायचं असलं की प्रभारीबाई आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. नव्या माणसाला वाटे, बाई दमल्या, आता डोळे चोळतील. जुनी माणसं मात्र गुपचूप खुर्ची मागे सरकवत. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही धड दिसत नसे. एकदा मी धीर करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, समोरचा केवढा साहेब आहे ते दिसलं नाही म्हणजे बोलायला बरं पडतं. तोंड दिसलं की माणूस भिडेला बळी पडतो."

त्यांचं नाव केबिनच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते घ्यायची कुणाला सवयच नव्हती. नावाखाली 'प्रभारी प्राचार्य' असं लिहिलेलं होतं. कायमचा प्राचार्य नेमला जाईपर्यंत तात्पुरता कारभार पाहायचा, म्हणून त्यांना बसवलेलं. तो कायमचा माणूस काही आला नाही, आणि ह्यांनाही कुणी कायम केलं नाही. नवी मुलं यायची, शिकून जायची, पाटीचा रंग उडायचा, पुन्हा रंगवला जायचा आणि पुन्हा तिथे 'प्रभारी'च यायचं. तोंडावर आम्ही 'मॅडम' म्हणायचो. पाठीमागे, शिपायापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी प्रभारीबाई. हे त्यांना ठाऊक होतं. "चांगलं आहे की," म्हणायच्या, "प्राचार्य खुर्चीत बसतो. प्रभारी भार उचलतो."

आमचं कॉलेज नाशिक शहर संपून त्र्यंबकचा रस्ता लागतो त्या अंगाला होतं. आधी तिथे दूध थंड करायचं सरकारी केंद्र होतं. ते बंद पडल्यावर त्या इमारतीत हे कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. ज्यांची शाळा सुटली, ज्यांना पोटापाण्याचं काम करता करता शिकायचंय, अशा आसपासच्या लोकांसाठी. वायरमन, फ्रिज-एसीची दुरुस्ती, टॅली, रुग्णांची शुश्रूषा, शिवणकाम असे अभ्यासक्रम. आमच्याकडे लोक त्याला 'कमिटी कॉलेज' म्हणत. घोटीच्या भातगिरणीवर काम करणारे, सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेले, हरसूलच्या पाड्यांवरच्या मुली, त्र्यंबकला पूजेच्या सामानाची दुकानं लावणारे, असे सगळे एका बाकावर. वर्गांच्या भिंतींना पावसाळ्यात अजून आंबट दुधाचा वास यायचा. शहरातल्या मोठ्या कॉलेजांतली माणसं आम्हाला हसायची, हे आम्हाला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. त्या म्हणायच्या, "हसू दे. हसणाऱ्याच्या घरचा फ्रिज बिघडला की तो कुणाला फोन करतो ते बघू."

मी तिथे गेले तेव्हा मला एक मुलगी होती आणि दहावीच्या गणितात नापास झाल्याला बराच काळ लोटला होता. सासरी झेंडू, शेवंती, थोडी ॲस्टर. पहाटे गंगेवरच्या फूलबाजारात जायचं, उजाडल्यावर परत यायचं, मग खुरपणी. गंगा म्हणजे गोदावरी, पण नाशिकचा माणूस गंगाच म्हणणार. बाजारात माझ्या शेजारी बसणारी एक बाई ह्या कॉलेजात शिवणकाम शिकत होती. तिच्याबरोबर सहज म्हणून गेले. ऑफिसात भास्करभाऊ बसलेले. हे तिथले कारकून. फार पापभीरू माणूस, नियमाला फार भ्यायचे. माझे कागद बघून हळहळत म्हणाले, "ताई, तुमचं जमत नाही हो. दहावीचा विषय राहिलेला, मध्ये एवढा खंड, दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. तुम्ही अपात्र ठरता."

आतून आवाज आला, "कोण अपात्र?"

बाई बाहेर आल्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. भास्करभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, पात्र म्हणजे काय?"

"पात्र म्हणजे... योग्य, मॅडम."

"पात्र म्हणजे भांडं. माणूस आपल्या भांड्यात मावत नाही म्हणून माणूस अपात्र? आपलं पातेलं लहान आहे. मोठं पातेलं घ्या."

भास्करभाऊ म्हणाले, "पण मॅडम, नियम..."

"नियमात पूर्वतयारीचा वर्ग आहे. तो करून विषय सोडवता येतो. नावाचं प्रतिज्ञापत्र होतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुम्ही आधी 'नाही' म्हणता आणि मग नियम शोधता. आधी 'हो' म्हणा, मग शोधा. नियम तेच सापडतात."

मग माझ्याकडे वळल्या. "काय शिकायचंय?"

"शिवणकाम," मी म्हटलं. दुसरं काही म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं.

"शिवता येतं का?"

"येतं. फॉल, पिको, ब्लाउज."

"मग येतं तेच शिकायला एवढ्या लांब कशाला आलीस?" त्यांनी बाजूच्या खोलीकडे बोट केलं. तिथे एका आइस्क्रीमच्या दुकानातून आलेला जुना फ्रीझर उघडून ठेवला होता आणि पोरं त्यात डोकं घालून उभी होती. "ते शीक. दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत द्राक्षाची शीतगृहं आहेत. त्यांना माणसं मिळत नाहीत."

"मॅडम, तिथे सगळे पुरुष आहेत. मी साडीत..."

"शेतात साडीवर शर्ट घालतेस ना? तोच घालून ये."

अशी मी फ्रिज-एसीच्या वर्गात गेले, शेजारणीबरोबर शिवणकाम बघायला आलेली.

बाईंच्या कॉलेजात घड्याळावर घंटा होत नसे, एसटीवर होई. पेठकडची गाडी आली की पहिला तास. गाडी उशिरा आली की तासही उशिरा. फूलबाजारातल्या बायकांचा वर्ग बाजार उठल्यावर, कारखान्यातल्यांचा पाळी सुटल्यावर. एका तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, "वेळापत्रक भिंतीवर का नाही?" बाई म्हणाल्या, "रस्त्यावर आहे. येईल आता, लाल रंगाची असते." तो माणूस हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. मुळात त्या विनोद करत नसतच, त्यांना ते खरंच तसं वाटायचं.

त्यांच्याशी जुळवून घेणं सोपं नव्हतं. रडणारं माणूस त्यांना सहन होत नसे. नळीच्या जोडाला डाग देताना माझा हात भाजला, मला रडू आलं, तर म्हणाल्या, "रडायचं असेल तर रड, पण पाना खाली ठेवू नकोस." कधी कधी चक्क अन्यायही करायच्या. एकदा माझे मिस्टर मला न्यायला तास चालू असताना आले. बाईंनी त्यांना फाटकाशी उन्हात उभं ठेवलं. "बायकोचा तास संपू दे, मग संसार," असं चारचौघांत सुनावलं. वास्तविक मुलीला ताप आला होता म्हणून ते आले होते. घरी त्यावरून मोठं वाजलं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना खरं कारण सांगितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, मुलीचा ताप विचारायला. पुढे रोज विचारत राहिल्या, ती खेळायला लागेपर्यंत. पण 'चुकलं' हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. माझ्या मिस्टरांचा राग बरेच दिवस टिकला. त्यात त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

हा ताठा कुठून आला, ते एकदाच बोलल्या. त्या मनमाडच्या. वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलायचे. घर रेल्वेच्या चाळीत, वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसायची, तिथेच ह्याही शिकल्या. नाशिकरोडला स्टेशनजवळ खोली घेऊन राहायच्या, कारण गाडीच्या शिट्टीशिवाय झोप येत नाही म्हणे. त्या दिवशी आमच्यातला एक जण शिक्षण सोडायला निघाला होता. त्याचे वर्गमित्र कधीच इंजिनियर झाले आणि हा अजून स्क्रू आवळतोय, ह्याची त्याला लाज वाटत होती. बाई त्याला म्हणाल्या, "आमच्या मनमाडला एक्स्प्रेस पुढे जावी म्हणून पॅसेंजरला बाजूच्या लूप लाइनला उभी करतात. एक्स्प्रेस धूळ उडवत जाते. पॅसेंजरमधल्या लोकांना वाटतं, आपली गाडी बिघडली. अरे, बिघडली नाही, थांबवलीय. थांबवणारा वेगळा असतो. सिग्नल मागायला शीक." तो मुलगा राहिला. मला मात्र त्या बोलण्यातलं 'थांबवलीय' एवढंच ऐकू आलं. मी माझ्या घराचा विचार करत होते.

कारण घरात माझ्या शिकण्याला सासऱ्यांचा विरोध होता. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वाईट माणूस नाही, पण गावाला फार जपणारे. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी आली आणि आबांनी सांगितलं, आता कॉलेज बंद. मी जायची थांबले. मग एक दिवस भरदुपारी बाई आमच्या मळ्यात हजर. रिक्षा रस्त्यावर सोडून बांधाबांधाने चालत आल्या आणि झेंडूच्या क्रेटवर बसल्या. सासूबाईंनी पाणी दिलं. आबा लांबूनच म्हणाले, "बाई, तुमी लय शिकलेल्या हाय. पन आमच्यात बाईमानूस मशिनी दुरुस्त करत फिरत नाय. लोकं काय म्हन्तील?"

"आबा, तुमची विहिरीवरची मोटार जळली की कोण येतं?"

"मिस्त्री येतो गावातून."

"लगेच येतो?"

"कुठला लगेच! चार फोन करा, मंग यील, न्हाय तर तसंच राहू द्या म्हन्तो."

"तुमच्या घरात एक मिस्त्री तयार होतोय आणि तुम्ही त्याला फुलं तोडायला लावलंय."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "बघू," म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकाने पुसत बसल्या. "बघू म्हणजे हो का नाही? मी थांबते. मला आज तास नाही."

आणि खरंच थांबल्या. नुसत्या बसल्या नाहीत, फुलंही तोडायला लागल्या, देठ लांब ठेवून, अगदी चुकीची. सासूबाईंना ते बघवेना. "आवो, द्या इकडं, नासली सगळी," म्हणत त्यांनी हातातली फुलांची पाटी काढून घेतली आणि आबांना ओरडल्या, "जाऊ द्या की तिला! न्हाय तर ही बाई सगळा माल वाटोळं करंल." आबा तरातरा निघून गेले. हो म्हणाले नाहीत. पण दसऱ्यानंतर मी निघाले तेव्हा अडवलंही नाही.

त्या वर्षी मी शिकले. गॅस कुठे गळतोय ते साबणाचा फेस लावून कसं बघायचं, नळीवर बर्फ साचला म्हणजे आत काय दुखतंय, कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की हात आधी कुठे न्यायचा. पहिल्यांदा तो मेलेला फ्रीझर माझ्या हाताने चालू झाला, तेव्हा आतल्या पत्र्यावर दव धरताना मी बघत उभी राहिले. माझ्या हाताने काहीतरी थंड होत होतं, ह्या नाशिकच्या उन्हाळ्यात.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात कॉलेजवर गंडांतर आलं.

कुणीतरी वर ठरवलं की हे कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या संस्थेत विलीन करायचं. इमारत आणि जागा दुसऱ्या कामासाठी हवी होती. आता तो रस्ता गजबजला होता, दोन्ही बाजूंनी हॉटेलं उठली होती आणि जागेला भलताच भाव आला होता. नव्या ठिकाणी जायचं म्हणजे पेठ-हरसूलच्या मुलींना आणखी एक बस आणि रात्री घरी पोचायची मारामार. त्या येणारच नाहीत, हे ठरवणाऱ्यांनाही कळत होतं. एक समिती आली. तिच्या प्रमुखांना सगळे 'मोठे साहेब' म्हणत होते. गोड बोलणारा माणूस. वर्गांतून हिंडले, आम्हाला 'बेटा, बेटा' म्हणाले. केबिनमध्ये चहा आला. दार उघडंच होतं, व्हरांड्यात आम्ही सगळे.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ दिसते. पण खरं बोलू का? ही माणसं कॉलेजची नाहीत."

चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "कॉलेज ह्या माणसांचं आहे. तुम्ही वाक्य उलटं वाचलंत."

साहेब हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही सहमती दिलीत तर शहरातल्या एका कॉलेजात कायम प्राचार्य म्हणून तुमचं काम होईल. इतकी वर्षं प्रभारी राहिलात. तुमच्यावर अन्यायच झालाय."

आत कपबशी सरकवल्याचा आवाज झाला. त्या काही क्षणांत माझ्या मनात नको ते येऊन गेलं. इतकी वर्षं ती पाटी पुसून पुन्हा रंगवताना त्यांना काय वाटत असेल, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "अन्याय झालाय हे तुम्ही कबूल केलंत, बरं वाटलं. पण तो माझ्यावर झालाय. त्याची भरपाई ह्यांच्या खिशातून नका करू. चहा घ्या, गार होतोय."

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही गेलो तर वरून हुकूम आला म्हणून भास्करभाऊ फाटकाला कुलूप घालत होते. बाई रिक्षातून उतरल्या. आम्हाला वाटलं, आता भाऊंचं काही खरं नाही. बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लावा भाऊ. तुमची ती नोकरी आहे. माझी नोकरी शिकवायची आहे, ती मी करते." आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी वर्ग घेतला. दुपारपर्यंत पोलीस आले. वाहतुकीला अडथळा होतोय म्हणाले. बाई म्हणाल्या, "मान्य आहे. कुठे बसू सांगा, तिथे बसतो. घरी जा असं मात्र सांगू नका." त्या हवालदारालाच घाम फुटला.

फूलबाजाराची शेड मला सुचली. बाजार उठला की ती दिवसभर रिकामीच पडून असते, पाकळ्यांचा नि सडक्या पानांचा चिखल असतो एवढंच. बाजारातल्या बायकांनी सकाळी झाडून द्यायचं कबूल केलं. पोरांनी इकडूनतिकडून बंद पडलेले फ्रिज, मिक्सर, पंखे जमवले. सीबीएसच्या एसटी स्टँडवर उतरून पेठच्या मुली चालत येऊ लागल्या. बाईंना नोटिसा येत होत्या, पगार अडला होता असंही कानावर आलं, पण त्या विषयावर बोलायची सोय नव्हती. "मूळ मुद्दा काय? कॉम्प्रेसर," असं म्हणून फळ्याकडे वळायच्या. पावसाळा आला, गंगेला पूर आला तेव्हा पाणी शेडच्या पायरीपर्यंत चढलं. आम्ही सामान उचलून वरच्या रस्त्यावर नेलं आणि पाणी उतरल्यावर चिखल धुऊन पुन्हा बसलो. आम्ही कधीतरी कंटाळू, अशी वरच्यांची अटकळ असावी. कंटाळा आम्हालाही येत होता. पण बाई रोज येत होत्या, मग न जाऊन सांगता कुणाला?

बातम्या छापून आल्या, लोकप्रतिनिधी फोटो काढून गेले आणि शेवटी लोकांचं म्हणणं ऐकायला एक बैठक लावली गेली. आम्ही माणसं जमवली, पण बोलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठे साहेब समोर बसलेले. पाड्यावरून आलेले आईबाप जमिनीकडे बघत होते. मीही उठले नाही. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. आबा! ते येणार आहेत हे मलाच काय, सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

"साहेब," आबा म्हणाले, "माझ्या सुनंला मिस्त्री करायला मीच नको म्हन्लो व्हतो. ह्या बाईशी मी भांडलो. ते आमचं घरचं भांडन हाय. माझ्या सुनंला नको म्हनायचं तं मी म्हनंल. तुमी कोन नको म्हन्नारे?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग टाळ्या पडल्या. मग पाड्यावरचा एक बाप उठला, मग आणखी कुणी. साहेबांना माणसांना खाली बसवता येईना. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या नाकावर चष्मा होता आणि त्या आबांकडे टक लावून बघत होत्या.

विलीनीकरण रद्द झालं. कुलूप भास्करभाऊंनीच काढलं आणि किल्लीचं काय करायचं ते न कळून ती बराच वेळ मुठीत धरून उभे राहिले. पण किंमत चुकती झालीच. थोड्याच दिवसांत बाईंच्या बदलीचा हुकूम आला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, निवृत्ती तोंडावर असताना. आम्ही पुन्हा रस्त्यावर बसायची भाषा करू लागलो, तर आमच्यावरच उखडल्या. "मी म्हणजे कॉलेज नाही. माझ्यासाठी एक तास जरी बुडवलात तर याद राखा." निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. गेल्या त्या दिवशी पेठची गाडी उशिरा होती. ती येईपर्यंत थांबल्या, मुली उतरून वर्गात गेल्या, तशी रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला." मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही.

मी आता दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात यंत्रांची देखभाल बघते. हाताखाली चार माणसं आहेत आणि हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते. निवृत्तीनंतर बाई मनमाडला बहिणीकडे जाऊन राहिल्या. मी भेटायला जायची. शेवटच्या भेटीत त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. हात सुकून काडी झालेले. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, बोलू नका." तर म्हणाल्या, "तू मला कधीपासून नाही म्हणायला लागलीस?" आणि बहिणीला हाक मारून मला जेवल्याशिवाय सोडायचं नाही अशी ताकीद दिली. जिना उतरताना मी रडले. हातात पाना नव्हता, त्यामुळे चालण्यासारखं होतं.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा थंडी होती. कॉलेजात शोकसभा झाली. आवारात मंडप, पुढे हार घातलेला फोटो. नव्या मुलांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. मोठे साहेब आले होते, आता आणखी मोठे झालेले. त्यांनीच मुख्य भाषण केलं, आणि चांगलं केलं. म्हणाले, "मॅडम अत्यंत शांत, समजूतदार स्वभावाच्या होत्या. प्रशासनाला त्यांनी नेहमीच मनापासून सहकार्य केलं. त्यांच्या आणि आपल्या सर्वांच्या सामंजस्यातून हे कॉलेज टिकलं."

मंडपातली माणसं माना खाली घालून ऐकत होती. फूलबाजारातल्या बायका होत्या, घोटीहून आलेला एक जण होता. भास्करभाऊ पहिल्या रांगेत होते, त्यांचं डोकं गुडघ्यांपर्यंत वाकलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोललं जातंय, तर मध्ये कोण बोलणार? मी एरवी कधी चारचौघांत बोललेली नाही. पण पुढच्या रांगांतल्या त्या नव्या पोरी ते सगळं खरं मानून ऐकत होत्या. त्यातल्या एकीने तर 'सामंजस्य' हा शब्द लिहूनही घेतला. ते मला बघवेना.

मी उभी राहिले.

"नाही साहेब," मी म्हटलं. आवाज फाटला, मी पुन्हा म्हटलं, "नाही. त्या शांत नव्हत्या. त्यांनी सहकार्य केलं नाही. तुम्ही कुलूप लावलंत आणि त्या तुमच्याशी भांडल्या. भांडल्या म्हणून हे कॉलेज आहे."

सूत्रसंचालन करणारे तरुण सर घाईघाईने माझ्याकडे आले. वाकून, अगदी आदराने, हळू आवाजात म्हणाले, "ताई, प्रसंग बघा. प्लीज, बसून घ्या."

मी बसले नाही. पुढच्या रांगांतल्या मुली मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.